इतक्यात निघालात?

नाबुल (ट्युनिशिया), १२ जानेवारी २०१९

प्रिय कैस,

ल्योंमध्ये बर्फ पडल्याचं बातम्यांत पाहिलं. तुझ्या गळ्यात मफलर आहे असं धरून चालते. विचारलं तर तू हो म्हणणार, म्हणून विचारत नाही.

कामासाठी लिहितेय हे आधीच सांगते, म्हणजे शेवटी ओशाळायला नको. नारिंगाच्या फुलांचं पाणी काढणारं आमचं 'कत्रा' मंडळ तुला माहीत आहे. तुझी आई अध्यक्ष, मी चिटणीस, बाकी सात जणी. डिसेंबरात मंडळाने वेबसाइट सुरू केली. त्यांतल्या झकियाचं म्हणणं, ती काढून टाकावी, नाबुलभर हसं होतंय. १० मार्चला, फुलं यायच्या आधी, सभा आहे. तिथे निकाल लागेल.

तू हेच काम वीस वर्षं करतोयस. तेव्हा पाहा आणि खरं मत लिही. कोणी बनवली ते मात्र विचारू नकोस. बनवणारीची तशी अट आहे, नाव कळलं की माणूस भीड धरतो म्हणते. तिने सगळ्यांसमोर देवाची शपथ घेतलीय, की कैसने वाईट म्हटलं तर मी माझ्या हाताने ती काढून टाकीन आणि पुन्हा कॉम्प्युटरला हात लावणार नाही. रोज सकाळी दहाला वाचनालयात येऊन, माझ्या टेबलाशेजारच्या मशीनवर बसून, तिने तीन महिने घातलेत. मी तिला फक्त माउस धरायला शिकवलं.

हे शेवटचं वाक्य तुझ्यावर दबाव आणायला लिहिलं का? बहुतेक हो. पण खोडत नाही, कारण खरं आहे.

तुझी,
ओल्फा


ल्यों (फ्रान्स), १५ जानेवारी

प्रिय ओल्फा,

वेबसाइट पाहिली. प्रकृती ठीक आहे. डोळ्यांपुढे अजून फुलं पडतायत, पण डॉक्टर म्हणतात जातील.

पहिली चूक माझी, मी ती ऑफिसात उघडली. उघडताक्षणी आपलं लग्नातलं मालूफ संगीत सुरू झालं, व्हायोलिन-डफांसकट. बंद करायचं बटण शोधलं. नव्हतं. अठरा टेबलं माझ्याकडे वळली. आमची साहेबीण लांबून ओरडली, "कैस, लग्न कुणाचं?"

पहिल्या पानावर लिहिलंय, 'या, या, आपलंच घर आहे.' खाली बटण, 'आत या'. आत गेलो. दुसऱ्या पानावर कॉफीचा कप, त्यातून हलणारी वाफ, आणि पुन्हा 'सुस्वागतम्'. तिसऱ्या पानावर नऊ सभासदांचे फोटो, वयानुसार, आणि प्रत्येकीचा वेगळा सलाम. चौथ्या पानावर माझ्या तब्येतीची चौकशी. बाटली कुठे आहे बाई? मी पाणी घ्यायला आलोय, सोयरीक जुळवायला नाही!

हिरव्यावर लाल अक्षरं. ती धावतात. त्यांच्यामागे माझे डोळे धावले, डोळ्यांमागे डोकं. 'नवीन' हा शब्द डिसेंबरपासून लुकलुकतोय, त्याला कुणी तरी झोपवा. माउस हलवला की मागून पाकळ्या गळतात. मी आठ मिनिटं होतो, झाडलोट कोण करणार? एक आकडा सांगतो, 'तुम्ही आमचे ३१२ वे पाहुणे.' त्यातले तीनशे वेळा बनवणारीच आली असणार. पत्त्याचा नकाशा हाताने काढलाय आणि त्यात ठळक खूण एका निळ्या दाराची. नाबुलमध्ये दारं कोणत्या रंगाची असतात, आठव जरा.

आणि मग फॉर्म. अकरा प्रश्न! वय किती, घरात माणसं किती, कॉफी कुणाबरोबर पिता, पाणी कशासाठी हवं, आणि तुमच्या आईचं गाव कोणतं. हा शेवटचा प्रश्न रिकामा सोडला की पान पुढे जात नाही. मी लिहिलं, 'का?' ते म्हणालं, 'असं गाव आम्हाला माहीत नाही, तरी स्वागत आहे.'

शेवटी हरलो आणि खिडकी बंद करायला गेलो, तर नवीन खिडकी: 'इतक्यात निघालात? बसा की जरा, काही घेतलंही नाहीत!'

वीस वर्षांत एवढ्या चुका एका ठिकाणी पाहिल्या नव्हत्या. सभेत हे वाचून दाखवा, माझी हरकत नाही. वेबसाइट काढायची असेल तर आधी एक प्रत जपून ठेवा. मी माझ्या विद्यार्थ्यांना दाखवीन.

तुझा,
कैस


नाबुल, १९ जानेवारी

प्रिय कैस,

तुझं पत्र वाचून मी हसले, इतकी की वाचनालयात एका निवृत्त न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं. हे आधी कबूल करते, कारण पुढे मी रागावणार आहे.

बनवणारीने विचारलं, "कैसचं आलं का काही?" मी म्हटलं, "आलं. रंग जरा भडक वाटले त्याला." एवढंच. तुझ्या दोन पानांचं मी एका ओळीत केलं. ती म्हणाली, "बस? एवढंच? मग तो नीट बघत नाही हल्ली." घरी येऊन डायरीत लिहिलं: आज खोटं बोलले नाही, पण खरंही बोलले नाही, आणि यातलं वाईट कोणतं ते ठरत नाही.

आता तुझं बघू. तू लहानपणी पाहुण्याला दारातच "काय हवंय?" म्हणाला असतास, तर तुझ्या आईने काय केलं असतं? माणूस आधी बसतो, कॉफी घेतो, घरच्यांची ख्यालीखुशाली होते, मग आपणहून म्हणतो, "थोडं पाणी हवं होतं." चौथ्या पानावर तेच आहे. चार पानं म्हणजे जास्तच, हे मला कळतं. पण बनवणारीला दुकान मांडायचं नव्हतं, तिने घर उघडलंय.

आणि ते प्रश्न. एका भट्टीतून तीन पाणी निघतात, विसरलास? पहिल्या धारेचं औषधाला, ताप नाहीतर धडधडीला. मधलं कॉफीला. शेवटचं मिठाईला आणि हातांवर शिंपडायला. गिऱ्हाईक 'एक बाटली द्या' म्हणतं, आणि ते तापाला नेतंय की केकला, हे न विचारता द्यायचं? आईचं गाव अशासाठी, की मोनास्तीरकडचे पाण्यात गुलाब मागतात आणि आपण देत नाही, तर तसं आधीच सांगायला बरं. हे वाचताना मलाच वाटलं की कारण जरा ओढूनताणून आहे. पण बनवणारीने मला दिलेलं कारण हेच.

दुरुस्त कर, पण थट्टा कमी कर. तुझं सभेत वाचण्याजोगं मत अजून यायचंय.

ओल्फा


ल्यों, २८ जानेवारी

प्रिय ओल्फा,

कळलं! बनवणारी तूच आहेस. "तिला फक्त माउस धरायला शिकवलं" म्हणे! स्वतःच्या कामाची एवढी बाजू कुणी परक्यासाठी घेत नाही. चल, रागावू नकोस. तुला पुस्तकांतलं कळतं, मला पडद्यावरचं.

थट्टेची भरपाई म्हणून शनिवार-रविवार बसून मी तुमच्यासाठी नवी वेबसाइट तयार केलीय. दुवा सोबत आहे. पांढरीशुभ्र, शांत, मोकळी. एकही हलणारं फूल नाही. पॅरिसच्या अत्तरवाल्यांना मी असंच काम करून देतो. तोंडाने सांगू नये, पण गेल्या वर्षी त्यातल्या एकाला बक्षीस मिळालं. सभेत जुनी आणि नवी शेजारीशेजारी दाखव. मत लिहायची गरजच उरणार नाही.

आणि हो, जुन्या साइटला निरोप म्हणून मी तिचा फॉर्म भरला. नाव: मस्यू लकॉम्ब. वय: ९९. आईचं गाव: चंद्र. घरात माणसं: एक. कॉफी कुणाबरोबर: कुणाबरोबर नाही. पाणी कशासाठी: झोप येत नाही. पान एकदाचं पुढे गेलं! 'आपली निवड आम्ही करू,' असं म्हणालं. बघू या चंद्रावरच्या माणसाला काय पाठवता.

कैस


नाबुल, ४ फेब्रुवारी

प्रिय कैस,

पहिल्यांदा हे, की मी बनवणारी नाही. खोटं बोलायचंच असतं तर इतकं कच्चं बोलले नसते.

तुझी नवी साइट आज सगळ्या जणींनी वाचनालयात पाहिली. तुझ्यासाठी सगळं टिपून घेतलं. टिपताना मला थोडी मजा वाटली हेही सांगते, कारण तुझ्या पत्राचा सूड घ्यावा असं मनात होतं. आता त्याची लाज वाटते, पण टिपणं खरीच आहेत.

उघडल्याबरोबर पट्टी आली: आमच्या ४१७ भागीदारांना तुमची माहिती देऊ ना? 'हो' चं बटण मोठं, निळं. 'नाही' कुठे? झकियाने भिंग मागवलं. तुझी आई म्हणाली, "चारशे सतरा? माझ्या लग्नाला एवढी माणसं नव्हती. हे कोण, आणि कुणाकडचे?"

ते कसंबसं मिटवलं, तर दुसरी खिडकी, ईमेल द्या. अजून बाटलीचं तोंड पाहिलं नाही आणि ईमेल द्या! नाही म्हणायचं बटण काय म्हणतं ते तूच लिहिलंयस: 'नको, मला चांगल्या गोष्टी आवडत नाहीत.' झकिया म्हणाली, "मी हे दाबणार नाही. मला चांगल्या गोष्टी आवडतात." आम्ही सगळ्या तिथेच अडकलो. पाहुण्याला अपमान गिळल्याशिवाय आत येता येत नाही, हा कुठला रिवाज?

अक्षरं. कैस, पांढऱ्यावर फिकट राखाडी, आणि दोऱ्याएवढी बारीक. "पाण्यानेच लिहिलंय," कुणी तरी म्हणालं. वस्तू कुठे आहेत? कोपऱ्यात तीन रेघा आहेत आणि त्यांच्यामागे सगळं लपलंय, हे मला अर्ध्या तासाने कळलं. आम्हाला वाटलं होतं पडद्यावर चरे पडले असतील. खाली फोन नंबर दिसतो, जवळ जावं तर पान वाढतं आणि नंबर आणखी खाली पळतो. झकिया माउसने त्याचा पाठलाग करत होती. "थांब रे, थांब," म्हणत होती.

मग सोफी. 'हाय! मी सोफी. मदत करू?' मी विचारलं, तापाला कोणतं पाणी? सोफी म्हणाली, 'तुमचा प्रश्न समजला नाही. परतीच्या धोरणाबद्दल जाणून घ्यायचंय का?'

इथपर्यंत हसू होतं. पण 'फक्त ३ बाटल्या उरल्या! १४ मिनिटं शिल्लक!' हे पुढे आलं. फुलं अजून झाडावर नाहीत. उरल्या कुठून? चौदा मिनिटं झाली, आकडा पुन्हा चौदावर आला. हे खोटं आहे, कैस. आमच्या नावाने गिऱ्हाइकाला सांगितलेलं खोटं.

तुझ्या पहिल्या पानावर एक मोठा फोटो आहे. तुझी आई त्या फोटोकडे बघत होती, फुलं हुंगणाऱ्या त्या मुलीच्या. निघताना एवढंच म्हणाली, "कळीला जांभळी झाक आहे. हे नारिंगाचं नाही, लिंबाचं फूल आहे."

मस्यू लकॉम्बची बाटली जाईल. बनवणारी प्रत्येक फॉर्मला स्वतः उत्तर देते, बाटलीसोबत हाताने चिठ्ठी लिहून.

ओल्फा


नाबुल, ५ फेब्रुवारी

मस्यू लकॉम्ब यांस,

आपल्यावर शांती असो. आपलं वय ९९ वाचून आनंद झाला. ह्या वयात कॉम्प्युटर चालवता, म्हणजे आपल्या आईने आपल्याला चांगलं खाऊपिऊ घातलं असणार.

झोप येत नाही असं लिहिलंत. पहिल्या धारेचं पाणी पाठवत नाही. ते घाबरलेल्या माणसाला देतात. आपण घाबरलेले नाही, आपण दमलेले आहात. म्हणून मधल्या धारेचं, गेल्या वसंतातलं, वर्षभर अंधारात मुरलेलं. एक चमचा, कोमट दुधात. दूध उकळायचं नाही. आणि पीत असताना समोर कुठलाही पडदा उघडा नको, राखाडी अक्षरांचा तर नकोच, डोळे ताणले जातात.

घरात एक माणूस असं लिहिलंत. कॉफी कुणाबरोबर नाही, असंही. ही दोन उत्तरं मी पुन्हा पुन्हा वाचली. चंद्रावर राहणाऱ्या आपल्या आईला हे ठाऊक आहे का? तिला वाटत असेल, मुलाकडे माणसांची ये-जा आहे. दर रविवारी फोनवर आपण तिला तसंच सांगत असाल.

चंद्रावरच्या गिऱ्हाइकांकडून आम्ही पैसे घेत नाही. बाटली परत पाठवायची. काच महाग असते.

कत्रा मंडळातर्फे,
मन्नूबिया


ल्यों, २० फेब्रुवारी

ओल्फा,

आज पार्सल आलं. दारात उभा राहून लिफाफ्यावरचं अक्षर पाहिलं आणि बूट काढायचं राहून गेलं. 'लकॉम्ब' आईच्या हातचं. खाली पत्ता माझा.

मी पत्ता लिहिलाच नव्हता. त्या फॉर्मच्या तळाशी पत्त्याची चौकट होती, ती माझ्या कॉम्प्युटरने आपणहून भरली, नेहमी भरतो तशी, आणि मी खाली न बघता 'पुढे' दाबलं. 'पाठवण्याआधी एकदा वाचा' असं मी स्वतः दर वर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून देतो.

म्हणजे तिला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना कळलं की ती मला टोमणे मारतेय, आणि पहिल्यांदा वाचताना मी रडत होतो.

ती बनवणारी आहे ना? एकाहत्तराव्या वर्षी? ती, जिला मी सहा वर्षांपूर्वी फोनवर चित्र कसं बघायचं हे तीन वेळा सांगून चौथ्यांदा ओरडलो होतो? तू सांगायला हवं होतंस. अठरा टेबलं, झाडलोट, विद्यार्थ्यांना दाखवीन... हे मी तिच्याबद्दल लिहिलं!

सेलीन मला सोडून नोव्हेंबरातच गेली. तिच्या भावाकडे राहते. आईला सांगितलं नव्हतं. फॉर्मला सांगितलं.

आता काय करू? 'फार छान आहे' असं लिहून पाठवतो सभेला.

कैस


नाबुल, २१ फेब्रुवारी

कैस,

सेलीनचं वाचून वाईट वाटलं. त्याबद्दल फोनवर बोलू, पत्रात मला नीट जमणार नाही.

होय, मन्नूबिया मावशीच, तुझी आई. मी तिला शब्द दिला होता, आणि तो पाळताना तुला तोंडघशी पाडतेय हे मला कळत होतं. शब्द मोडायचा की नाही हे ठरवण्यात सहा आठवडे गेले आणि मी तो मोडला नाही, हे काही कौतुकाचं नाही.

पण 'फार छान' लिहू नकोस. तिने परक्याचं मत मागितलंय. मुलाचं मागायचं असतं तर रविवारी फोनवरच विचारलं असतं. खोटं लिहिलंस तर ते तिला पहिल्या ओळीत कळेल, आणि मग तिला वाटेल की हे काम खरं बोलण्याच्याही लायकीचं नाही. खरं लिहिलंस तर शपथ आहेच. दोन्हीकडून वाईट आहे. मला विचारशील तर खरं लिही. माझं चुकत असेल.

उद्या मी तुझं पहिलं पत्र तिच्या हातात देणार आहे, जसंच्या तसं. यापुढे मी तिच्यासाठी काही गाळणार नाही.

ओल्फा


ल्यों, २ मार्च

प्रिय उम्मी,

तू मत मागितलंस. देतो.

वेबसाइट वाईट आहे. संगीत काढ. लोक ऑफिसात असतात, दवाखान्यात असतात, शेजारी कुणी झोपलेलं असतं, आणि पाहुण्याच्या कानात न विचारता डफ वाजवणं हे तुझ्या घरीही होत नाही. धावणारी अक्षरं थांबव. लाल-हिरवं काढ, कित्येकांना ते दोन रंग वेगळे दिसतच नाहीत. पाकळ्या काढ, जुन्या फोनची त्यांच्यामुळे दमछाक होते. चार स्वागतांतलं एक ठेव, कॉफीचं. फोन नंबर तू चित्र म्हणून टाकलायस, त्याला बोट लावलं तर फोन लागत नाही. निळ्या दाराशेजारी गल्लीचं नाव लिही.

प्रश्न ठेव. सगळे अकरा. मी आजवर शेकडो फॉर्म केले, लोकांची जन्मतारीख घेतली, पगार घेतला, कुत्र्याचं नावसुद्धा घेतलं, आणि ते सगळं त्या ४१७ जणांना वाटलं. तुला कशासाठी हवंय, असं कुणालाच विचारलं नाही. फक्त आईच्या गावाची सक्ती काढ, काहींना सांगता येत नाही.

निघताना येणारी खिडकी. तिच्यावर मी सगळ्यात जास्त हसलो होतो. अशाच खिडक्या बनवायचा मला पगार मिळतो. माझ्या खिडकीत दहा टक्के सूट असते आणि मागे कुणी नसतं. तुझ्या खिडकीतून 'बसतो' म्हटलं तर दुसऱ्या दिवशी तुझा फोन येतो, हे मला ओल्फाने सांगितलं. ठेव.

माझी साइटही वाईट आहे. निघताना तू त्या फुलाबद्दल बोललीस, तेवढं पुरलं. नाबुलचा मुलगा असून लिंबाची कळी ओळखली नाही. ती साइट मी काल पुसली. चौदा मिनिटांचं घड्याळ मी आणखी सहा दुकानांना लावून दिलंय, त्यांचं काय करायचं ते बघतोय.

सभेत हे सगळं वाच. आणि तुझी काढून टाकू नकोस, एवढी विनंती. विनंती मुलाची आहे, मत परक्याचं.

तुझा,
कैस


नाबुल, ११ मार्च

प्रिय कैस,

कालची सभा जशी झाली तशी सांगते.

मी वाचायला उठले तर मावशी म्हणाली, "दे इकडे." चष्मा लावला, उभी राहिली आणि आधी तुझं जानेवारीतलं पत्र वाचलं. सगळं. मी खुर्चीत आक्रसून बसले होते. 'सोयरीक जुळवायला नाही' ला तिचं स्वतःचंच हसू आवरेना, कागद खाली ठेवून डोळे पुसले. "अठरा टेबलं वळली म्हणे! ऐकलंत? ल्योंमध्ये मालूफ वाजवलं मी."

झकिया म्हणाली, "लल्ला मन्नूबिया, तो तुमची चेष्टा करतोय."

"करणारच. माझ्यावर गेलाय. पण चेष्टा करायला आधी नीट बघावं लागतं. पानन् पान पाहिलंय त्याने. तू तिसऱ्या पानाच्या पुढे गेली होतीस का?"



मग तुझं दुसरं पत्र. तेही उभ्यानेच. प्रत्येक चुकीपाशी थांबून ती सगळ्यांकडे बघायची, तुझ्या शाळेच्या निकालाच्या दिवशी बघायची तशी, आणि म्हणायची, "हे मला तीन महिन्यांत दिसलं नाही. त्याला दिसलं." आणखी एक चूक, पुन्हा तेच. मला वाटलं होतं ती खचेल. ती मिरवत होती, कैस! तुझ्या दाखवलेल्या चुका ती दागिन्यांसारख्या मिरवत होती. मी तिला इतकी वर्षं ओळखते आणि सहा आठवडे तिला कशापासून वाचवत होते, कोण जाणे.

पण मग ती कॉम्प्युटरपाशी गेली. "पहिल्याच ओळीत 'वाईट' म्हटलंय त्याने," म्हणाली. "देवाची शपथ घेतली होती." आणि आमच्या देखत साइट काढून टाकली. पडदा पांढरा झाला. 

पहिली बोलली ती झकिया. "आणि सफाकसची ती गरोदर बाई? तिने काल फॉर्म भरलाय, मळमळीसाठी. ती आता कुठे विचारणार?" तिने हात वर केला. साइट परत लावायला आठ हात वर झाले. नववा मावशीचा होता, तो तिने मांडीवरच ठेवला. "मी मशीनला शिवणार नाही असं बोललेय. तुम्ही लावा."

आम्हाला कुणालाच लावता येत नाही.

 शेवटी मावशी उठली आणि बाजाराची पिशवी घेऊन निघाली. कुठे चाललीस विचारलं तर म्हणाली, "रवा आणायला."

शपथ मोडायची तर दहा गरजूंना जेवू घालावं लागतं. ते ती करतेय. मी सोलायला गाजरं घेऊन बसलेय, म्हणून इथेच थांबते.

ओल्फा


नाबुल, १४ मार्च

कैस,

तुझ्या एका शब्दापायी मला दहा माणसांना रव्याचं कुस्कुस घालावं लागलं. मंगळवारी घातलं. मेंढीचं मटण, गाजरं, भोपळा, वर हरभरे. रुग्णालयाच्या दारातली तीन माणसं, बंदरावरचे चार, आणि आमच्या गल्लीतल्या तिघी. पोटभर जेवले. एकाने दोनदा घेतलं, ते एकच धरलं, मोजणी दहाचीच ठेवली. शपथ फिटली.

काल साइट परत लावली. हे पत्रही मीच टाइप करतेय, ओल्फा शेजारी नुसती बसलीय. संगीत काढलं. वाईट वाटलं, पण काढलं. अक्षरं काळी केली आणि जागच्या जागी उभी केली. फोनला बोट लावलं की आता फोन लागतो, मी स्वतःलाच लावून पाहिला. पाकळ्या मात्र पहिल्या पानावर सात ठेवल्यात. सात पडतात आणि थांबतात. जुन्या फोनला सात झेपतात, झकियाच्या फोनवर पाहिलं.

खाली लिहिलंय: हे पान मन्नूबिया बिन्त सादोक हिने केलं, आणि चुका तिच्या मुलाने काढल्या. तुझं नावही आहे. तुला आवडलं नाही तरी ते काढायचं नाही.

सेलीनचं तू मला सांगितलं नाहीस. मी काही विचारणार नाही. यापुढे रविवारच्या फोनवर खरं बोलायचं, एवढंच.

आता कामाचं. फुलं फुटायला लागलीत, येत्या आठवड्यात भट्टी लावू. मागण्या वाढतील, मला एकटीला आवरणार नाही. तू आमच्याकडे लागलायस. दर सोमवारी सकाळी दहाला मी वाचनालयात बसते. तिकडे तूही बसायचं, कॉफी घेऊन, आणि फोन चालू ठेवायचा, म्हणजे दोघं मिळून पिऊ. चूक दिसली तर सांगायची. हे काढ, असं एकदम म्हणायचं नाही. का ठेवलंस, असं आधी विचारायचं. पगार म्हणून पहिल्या धारेची एक बाटली, तीही काम बघून.

तुझ्या साहेबिणीने विचारलं की सोमवारी सकाळी कुठे असतोस, तर सांग, नाबुलला नोकरी लागली.

आई